मासोळीचं माहेर आणि जावयाचं पान

चांदा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की नागपूरची मंडळी एकच विचारतात, वाघ दिसला का. मला वाघ दिसला नाही. तलाव दिसले, पुष्कळ दिसले, आणि त्यांतल्या एका तलावापायी माझी जी शोभा झाली ती मी घरी आल्यावर पंधरवडाभर कुणाजवळ बोललो नाही. माझा स्वभावच तसा आहे. पन्नाशीला आलो, पण चूक झाली की आतल्या आत उकडत बसायचं, वर झाकण घट्ट. या खेपेला मात्र झाकण एका गावानं उघडलं, तेही माझ्याच हातून. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मी मासळी खात्यातला इन्स्पेक्टर. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली तसे मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, आणि त्या तलावांतल्या मासळीचं काय करायचं हा प्रश्न आमच्या टेबलावर आला. कोसमटोल्याच्या ढिवरांनी, म्हणजे तिथल्या कोळ्यांनी, सोसायटी काढली होती आणि अनुदान मागितलं होतं. मोठ्या डोळ्यांची जाळी घ्यायची, पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, मासोळीची पिल्लं वाढवायला बोडी, लहानसं तळं, खणायची, आणि तलावात दरसाल थोडी मासळी राखून ठेवायची, असा त्यांचा बेत. अनुदान मिळालं तर तलाव सोसायटीकडे. नाही मिळालं तर लिलाव, आणि लिलावात चांद्याचा ठेकेदार टपलेला. त्यानं शेजारचा तलाव घेतला होता. बारीक जाळ्यानं बोटभर पिल्लंसुद्धा उपसून नेली. दुसऱ्या वर्षी त्या तलावात म्हशी तेवढ्या डुंबत होत्या.

मी आधी जायचं, पाहणी करायची. चार-सहा दिवसांनी आमचे मोठे साहेब जीपने येणार. त्यांच्यासमोर जाळं ओढून दाखवायचं, तलावात खरंच मासळी राखली आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं. मग मंजुरी. सरळ काम होतं.

कोसमटोला

मूलपर्यंत रेल्वे, तिथून मोटार, मग वैनगंगेवर डोंगा. नदीपलीकडे रेंगी, म्हणजे आपला हलका छकडा, पाठवलेली होती. धान कापून झालेलं. बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, नुसते खुंट उभे, आणि खळ्याखळ्यांवर मळणी. हवेत कोरड्या तणसाचा गोड वास. आमच्या वऱ्हाडाकडच्या काळ्या रानात नजर लांबवर पळते. इथे ती दर शेतापाठी अडते, मोहावर, ऐनावर, बांबूच्या बेटावर. आणि ज्या गावाला जावं त्या गावाला तलाव. घराला न्हाणी असावी तसा.

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. गावात शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. सोसायटीचे अध्यक्ष डोमाजी, साठीचा वाळलेला पण ताठ माणूस, अंगणाच्या तोंडाशी हात जोडून उभे होते.

"या जी सायेब, बसा."

त्यांनी बोट केलं होतं खाटेकडे, हे मला नंतर समजलं. अंगणात आंब्याखाली पानं मांडली होती. पंगतीच्या टोकाला एका पानासमोर नवी घोंगडी घडी करून टाकलेली, पाण्याचा घासलेला तांब्या. मला वाटलं, साहेबासाठी. दुसऱ्या कुणासाठी असेल असं मनातही आलं नाही, याला काय म्हणायचं ते वाचकांनी म्हणावं. बूट काढले आणि बसलो.

पानात भात होता, वर पिवळीधमक कालवणाची धार, आणि मधोमध मरळीचं डोकं. मुठीएवढं.

मी मासळी खात्यात आहे, पण बायकोनं माळ घातल्यापासून आमच्या घरात मासळी बंद. मरळीचं डोकं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. जिरं-लसणाचा आणि आंबटाचा वास येत होता.

एवढ्यात अंगणातलं बोलणं थांबलं. डोमाजींची बायको गिरजाबाई पळी हातात धरून तशीच उभी. विहिरीवरून हातपाय धुऊन एक तरणाबांड गडी आला होता, हातांवरून पाणी निथळत होतं. तो माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे नव्हे, पानाकडे. दाराआडून बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

मला कळलं. इथेच खरं सांगतो. त्याच क्षणी कळलं की हे पान जावयाचं आहे, घोंगडी त्याची, डोकं त्याचं. उठायला हवं होतं. "माफ करा, चुकून बसलो," एवढं म्हणायचं, हसायचं, बाजूला व्हायचं. पण साहेब म्हणून बसलेला माणूस उठायचा कसा? आणि दुसरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी. माझा हात आधीच डोक्याकडे गेला होता.

मी खाल्लं. सावकाश, गाल सोलून, आतला मऊ भाग काढून खाल्लं. फार सुरेख झालं होतं.

डोमाजींनी जावयाला दुसऱ्या पानावर बसवलं, त्यात शेपटीकडचा तुकडा वाढला. लटारू त्याचं नाव. चार घास खाऊन उठला, आणि गाडी जुंपून एकटाच निघून गेला. मी हात धुतले आणि तलावाचं क्षेत्रफळ विचारलं.

माहेर

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर गेलो. पाणी धानाला सोडल्यामुळे तलाव बराच आटला होता. कडेकडेनं चिखल, त्यात बगळे आणि लाल पायांचे लांब पक्षी. शिंगाड्याच्या वेली काढून झाल्या होत्या. गिरजाबाईंनी उकडलेले शिंगाडे ओच्यात आणले होते, ते सोलत आम्ही चाललो. तलावाच्या वरच्या अंगाला जंगल लागतं. त्या बाजूला गोंडांचा पाडा आहे. ते उतारावरचं रान तोडत नाहीत, म्हणून तलावात गाळ कमी येतो, आणि जाळं पडलं की पहिला वाटा पाड्यावर जातो.

खोल पाणी एकाच बाजूला उरलं होतं. त्याच्याभोवती जांभळीचे खुंट रोवून दोरी बांधलेली.

"हे काय?"

"माहेर होय जी," गिरजाबाई म्हणाल्या.

"कुणाचं?"

"मासोळीचं. आनखी कोनाचं?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाऊस लागायच्या आधी गावची जी लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल, तिच्या हातून हे खुंट रोवायचे. लेक माहेरी आहे तोवर दोरीच्या आत जाळं नाही, गळ नाही, पोराटोराचा हातसुद्धा नाही. मासोळीही तिथे बाळंतपणालाच आलेली असते. लेक बाळ घेऊन सासरी निघाली की जाताना पहिला खुंट तिनं उपटायचा, आणि मग जाळं.

आमच्या खात्यात याला मासेमारीची बंदी म्हणतात आणि ती पाळावी म्हणून आम्ही गावोगाव भाषणं करतो. मी खूश झालो. मोठ्या साहेबांना दाखवायला याहून चांगलं काय?

"मग साहेब आले की इथेच जाळं टाकू."

डोमाजी पाण्याकडे बघत राहिले. गिरजाबाई म्हणाल्या, "बयना आहे ना घरी."

बयना त्यांची मुलगी. दाराआडच्या बांगड्या तिच्या. बाळ चांगलं मान धरायला लागलं होतं. एव्हाना ती सासरी असायची.

"मग पाठवा तिला."

"न्यायलेच आलते जवाई," डोमाजी हळूच म्हणाले. "गेले."

का गेले ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला ठाऊक होतं ना! पाठवणीच्या जेवणात मरळीचं डोकं जावयाला, हा त्यांच्यातला मान. स्वतःचा तलाव बंद म्हणून डोमाजींनी ती मरळ कुठल्याशा लांबच्या बोडीतून मागून आणली होती. मान मिळाला नाही, जावई रुसला. जावई रुसला म्हणून लेक घरी. लेक घरी म्हणून खुंट पाण्यात. खुंट पाण्यात म्हणून जाळं कोरडं. आणि दोरीबाहेरच्या उथळ पाण्यात मोठ्या साहेबांना दाखवायला झिंग्यांशिवाय काही नव्हतं.

मी एक मूर्ख सूचना केली. म्हटलं, एका दिवसापुरते खुंट काढा, साहेब गेले की पुन्हा रोवा.

गिरजाबाईंनी शिंगाडा सोलायचा थांबवला. "तुमची लेक बाळंतीन असन, तं पाहुना आला म्हनून तिले खाटेवरून उठवता का जी? अन् पाहुना गेला का मंग झोपवता?"

"अनुदान जाईल, बाई. ठेकेदार येईल."

"येईन तं येईन. त्याले मासोळीचा शराप लागन. आमाले काऊन लावता?"

रात्री डोमाजींनी नीट जेवण केलं नाही एवढं मला दिसलं. तेही माझ्याच खात्यावर.

बोरघाट

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, मी लटारूला भेटून येतो. सरकारी माणूस मध्यस्थीला चालला म्हणून गावाला कौतुक वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पैकू नावाचा गाडीवान होता, डोमाजींचा चुलतभाऊ. वाट बांबूच्या रानातून जाते. सकाळच्या उन्हात पानांवरचं दव टपटपत होतं, रानकोंबड्या बैलांच्या पायांतून पळत होत्या. एरवी मी अशा वाटेवर सुखात गेलो असतो. पण पैकूचं तोंड थांबत नव्हतं.

"डोमाजी चुकला जी. तुमच्यापुढी बोलू नोये, पन चुकला. सायेबाची खुशामत कराले गेला अन् जवाई घालवून बसला. पूरा गाव तेच म्हनून राह्यला."

"गाव म्हणतं असं?"

"मंग? जवायाच्या पानावर कोनी दुसऱ्याले बसवते का? अन् तो बुढा आयकून घेते, बोलत नाई. त्याले इचारलं का, म्हंते, माह्यं चुकलं."

माझं चुकलं! म्हातारा माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊन गावात हिंडत होता. मी पैकूला गाडी थांबवायला सांगितली. म्हटलं, जरा पाय मोकळे करतो. उतरलो तो थेट वाटेकडेच्या एका ओल्या बांधीच्या चिखलात. एक बूट आत राहिला. दोघांनी मिळून उपसला तेव्हा त्यात चिखल आणि एक खेकडा होता. पैकू पोट धरून हसला. मला मात्र त्या चिखलात उभं असतानाच ठरवावं लागलं, की खरं काय ते सांगून टाकायचं.

लटारूचं गाव बोरघाट, नदीला अगदी लागून आहे. रेतीवर टरबुजांसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली होती. लटारू ओसरीवर जाळं विणत बसला होता, त्याची आई सोनाबाई दारात. एक बूट चिखलाचा, एक कोरडा असा साहेब बघून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बसायला खाट दिली. या वेळी मी विचारून बसलो.

"बयनाले घेऊन जा म्हनाले आले असान," सोनाबाई म्हणाल्या. "सासऱ्यानं सायेब धाडला. सोता काऊन नाई आला? पायाले मेंदी लागली का?"

"त्यांनी धाडलं नाही. मीच आलो." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी मधे न थांबता बोललो. खाटेकडे दाखवलेलं बोट मी पाहिलं नाही. घोंगडी बघून फुगलो. तुम्ही विहिरीवरून आलात तेव्हा मला समजलं होतं. समजूनही उठलो नाही. डोमाजींनी मला बसवलं नाही, मीच बसलो, आणि डोकं मी जाणून खाल्लं.

लटारूची सुई थांबली.

"जानून?"

"जाणून."

सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. हसत होत्या. "अगा मा! त्या दिशी डोस्कं खाल्लं, अन् आता इथी येऊन आमचं डोस्कं खाऊन राह्यले! पोट भरलं नाई का जी सायेब?"

पैकू गाडीजवळ उभा होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सकाळभर तो कुणाला काय काय बोलला ते त्याला आता आठवत असावं.

लटारू हसला नाही. जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "मले मासोळीचं काई नाई जी. आमच्या नदीत का कमी आहे? म्या समजलो का, मामानं सायेब पायला अन् जवाई इसरला. लगनात मामानं मले म्हंतलं होतं, तू जवाई नाई, पोरगा होय. मंग पोराले असं करते?"

"नाही केलं त्यांनी."

"हे तुमी इथी सांगून काय फायदा? तिथी साऱ्याइच्या मधात सांगा. मामाले गाव बोलून राह्यलं ना?"

मी म्हटलं सांगतो, जाळ्याच्या दिवशी, साऱ्या गावापुढे. हे म्हणताना आमचे मोठे साहेब त्याच दिवशी तिथे असणार हे मला पक्कं माहीत होतं. पाहणीला गेलेल्या इन्स्पेक्टरनं अर्जदाराच्या अंगणात मेजवानी झोडणं आमच्या नियमांत बसत नाही. नोकरीवर शेरा येऊ शकत होता.

सोनाबाईंनी जेवायला घातलं. भात, लाखोळीची डाळ, आणि अंबाडीत परतलेले सुके झिंगे. पान कुणाचं ते मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर लटारू हसला.

पाळीवर

मोठे साहेब आले त्या दिवशी सगळं गाव पाळीवर होतं. गोंडांच्या पाड्यावरचेही लोक खाली उतरले होते. जाळं पाण्याकाठी मांडून ठेवलेलं. बयना बाळाला काखेत घेऊन खुंटांजवळ बसली होती, नवी हिरवी साडी नेसून. लटारूची गाडी वडाखाली सोडलेली होती. तो मात्र गाडीवरून उतरला नव्हता.

"चला, ओढा जाळं," साहेब म्हणाले.

कुणी हललं नाही.

"काय अडचण आहे?"

डोमाजींनी तोंड उघडलं. ते पुन्हा "माह्यं चुकलं" म्हणणार हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मी पुढे झालो.

"साहेब, अडचण मी आहे."

आणि सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, पलीकडच्या पाळीवर ऐकू जाईल असं. मग बायकांच्या घोळक्यातून एक हुंकार आला, मग खसखस. गिरजाबाईंनी कपाळावर हात मारला. डोमाजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

साहेबांचा चेहरा कोराच. "तुम्ही अर्जदाराच्या घरी जेवलात?"

"हो."

"जावयाच्या पानावर बसून?"

"हो."

"आणि तो समोर उभा असताना उठला नाहीत?"

"नाही."

साहेबांनी टोपी काढली. ते स्वतः रत्नागिरीकडचे. "अहो," ते म्हणाले, "आमच्याकडे हे झालं असतं तर जावयानं जाळं तुमच्यावर टाकलं असतं." आणि ते असे हसले की पाणकोंबड्या उडाल्या.

लटारू गाडीवरून उतरला. सरळ डोमाजींकडे गेला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. डोमाजींनी त्याला उठवून छातीशी धरलं. बोलल्या त्या गिरजाबाई. "पायलं का सायेबाहो? एका डोस्क्यापायी एवढ्या साऱ्याइचं डोस्कं फिरलं."

बयना उठली. बाळाला आईकडे दिलं, पदर खोचला, गुडघाभर पाण्यात गेली आणि पहिला खुंट दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला. चिखलातून "फळक्" असा आवाज झाला. त्याबरोबर पाळीवर जो ओरडा उठला तो मी जन्मात विसरणार नाही.

जाळं पडलं. दोन्ही बाजूंनी गडी ओढू लागले, त्यांत लटारू सर्वांत पुढे. आधी नुसतं पाणी. मग पाण्यावर जणू कुणी आतून टकटक करतंय अशा खुणा. मग जाळ्याचा वेढा आवळत आला आणि पाणी उसळलं. रोहू, कतला, काळ्याभोर मरळी, सगळी मासळी चांदीसारखी उडणारी, एकमेकींवर आपटणारी. एक कतला साहेबांच्या पायजम्यावर येऊन आदळला. बायका एकेका मासळीचं नाव घेत होत्या, म्हातारे लेकरांसारखे ओरडत होते. डोमाजी छातीभर पाण्यात उभे राहून हातानं लहान लहान मासोळ्या जाळ्याबाहेर लोटत होते. "जा माय, जा," म्हणत होते.

साहेबांनी पायजम्यावरचे खवले झटकले. मग त्यांनी गिरजाबाईंना विचारलं, "बाई, पण एखाद्या वर्षी एकही लेक माहेरी आली नाही तर?"

"गावात एवढी घरं आहे जी. असं साल अजून नाई आलं." मग थोडं थांबून, "अन् आलंच, तं मासोळी तं येतेच ना बाळंतपनाले? तिच्यासाठी मी रोवन खुंट."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले. "डोमाजी, अनुदान देतो. जाळी देतो, पिल्लांची बोडीही होईल. तलावाचा लिलाव होणार नाही. अट एकच. हे खुंट असेच रोवत जा."

डोमाजींना पहिल्यांदा ते समजलंच नाही. पैकूनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं तेव्हा ते पाण्यातच मटकन बसले. नाकातोंडात पाणी गेलं, लटारूनं उचलून बाहेर काढलं. गडी डफ घ्यायला गावाकडे पळाले. पाड्यावरचे ढोल त्याआधीच सुरू झाले होते.

परत

साहेबांनी माझ्या जेवणाबद्दल पुढे काही विचारलं नाही. जीपमध्ये जागा आहे म्हणाले, पण मी डोंग्यानं जातो म्हटलं. मला नदी बघायची होती. वैनगंगेचं पाणी हिवाळ्यात इतकं निवळ असतं की तळाची रेती वल्ह्यासोबत सरकताना दिसते.

डोंग्यात बाजारला निघालेल्या बायका होत्या, दोन शेतकरी, एक बकरी. मला कुणी ओळखत नव्हतं. नदीच्या मध्यावर एक बाई दुसरीला सांगू लागली, "कोसमटोल्याले अनुदान भेटलं ना माय! अन् आयकलं का, एक सायेब आलता तिथी. जवायाचं पान बळकावलं मेल्यानं. पाच डोस्के खाल्ले म्हंते मरळीचे!"

"पाच?"

"पाच! बसल्या बैठकीले!"

डोंगा हलत होता. एरवी मी तोंड वळवून नदीकडे पाहिलं असतं.

"एकच होतं, बाई," मी म्हणालो. "पण चांगलं मोठं होतं."